दोन चकांच्या यंत्राची निवड आणि रायगोंडा कारभाऱ्यांची धास्ती

अग्नीस नमन, कारण लोखंड त्याने मऊ केले. तेलास नमन, कारण लोखंड लोखंडास कापीत असता त्याने मध्यस्थी केली. आणि विजेस दुरूनच नमन, कारण ती केव्हा येईल आणि केव्हा जाईल हे ब्रह्मदेवासही ठाऊक नाही. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढापासून माघापर्यंत जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहावे, पदरचे घालू नये आणि भिऊन गाळू नये, ऐसा हुकूम जाहला; त्यावरून लिहिले. लिहिणाऱ्याचे नाव पुसू नये. त्यास अजून त्याच पत्र्याखाली नोकरी करणे आहे.

दोन नद्यांच्या बेचक्यात, उसाच्या रानास लागून, एक राज्य होते. राज्यास तट नव्हता, तारेचे कुंपण होते. छत्र नव्हते, पत्रा होता. आणि पत्र्याखाली तीनशे माणूस व ऐंशी यंत्रे तिन्ही पाळ्यांत लोखंड कातीत असत. गादीवर श्रीमंत आप्पासाहेब होते, वृद्ध, धर्मशील, सूर्यास्तापूर्वी भोजन करणारे आणि राग आला म्हणजे काही न बोलता चष्मा काढून पुसणारे. त्यांचे पुत्र युवराज अभिनंदन परमुलखी विद्या करून आले होते, हुशार, लाघवी, आणि प्रत्येक गोष्ट कालच व्हावयास हवी होती ऐशा घाईचे. यंत्रशाळेचा कारभार रायगोंडा पाटील यांजकडे. वय छपन्न, सेवा चौतीस वर्षे. लेथचा नुसता आवाज ऐकून हत्यार कोठे बोथटले ते डोळे मिटून सांगत, ऐसा त्यांचा लौकिक. नवी माणसे त्यांस वाघ म्हणत आणि त्यांची चाहूल लागताच चहाचे पेले यंत्राआड लपवीत. आणि कोणास ठाऊक नव्हते ते हे की हा वाघ मनुष्य अकरा वर्षे भयाने पोखरला होता, आणि वीज गेली म्हणजे कोणी पाहात नाही ऐशा कोपऱ्यात जाऊन भिंतीस पाठ लावून उभा राहात असे.

आषाढ मासी उत्तरेहून फर्मान आले. मालमोटारी बांधणारे एक पातशहा तिकडे आहेत, त्यांच्या कामावर या राज्याच्या निम्म्या चुली पेटत. फर्मानात लिहिले होते जे, मालमोटारीच्या पुढल्या चाकात बसणारा पोलादी नळा, वीतभर लांब, दोन शेर वजनाचा, दररोज नऊशे नग द्यावा. नळ्याची दोन्ही तोंडे एका आसात असावीत, केसाच्या दहाव्या हिश्श्याचाही फरक खपणार नाही. दिवाळीच्या पाडव्यास पहिला माल पोचावा, न पोचल्यास काम दुसऱ्या राज्यास देऊ. हे वाचून सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. कारण जुनी रीत ऐशी की एका लेथवर नळा चकात धरावा, चक म्हणजे यंत्राची तीन जबड्यांची मूठ, ती नगास आवळून गरगरा फिरविते, आणि एक तोंड कातावे. मग मूठ सैल करून नळा काढावा, उलटावा, दुसऱ्या लेथच्या मुठीत द्यावा आणि दुसरे तोंड कातावे. आणि दुसऱ्यांदा धरताना तो केसभर तरी हलेच, मग माणूस कितीही कसबी असो. यास उपाय एकच, आणि तो युवराजांनी चित्रे दाखवून सांगितला. एका देहात समोरासमोर दोन स्पिंडल, म्हणजे फिरते आस, दोहोंच्या तोंडी एकेक चक. वर एक टरेट, खाली एक टरेट, प्रत्येकावर बारा बारा हत्यारे चकतीसारखी मांडलेली, हवे ते फिरून पुढे येई. पहिला चक नग धरून फिरवी आणि वरचा टरेट एक तोंड काती; मग दुसरा चक तितक्याच वेगाने फिरत समोरून येई, फिरत्या नगास तसाच धरी, पहिला सोडी, आणि खालचा टरेट दुसरे तोंड काती, आणि तितक्यात पहिल्याने नवा नग धरलेलाही असे. नग थांबत नाही, उलटत नाही, मनुष्याचा हात मध्ये लागत नाही. दरबार ऐकून थक्क जाहला, आणि रायगोंडांच्या मनात एवढेच आले की ज्या एका मुठीचे भय अकरा वर्षे बाळगिले, तशा आता दोन मुठी.

मग मसलत बसली आणि आप्पासाहेब बोलिले, "रायगोंडा, यंत्र तुमी निवडायचं. पंजा तुमचाच उठणार." पंजा म्हणजे काय, तर या राज्याचा कायदा ऐसा की जो यंत्र निवडी त्याने खंडेनवमीस पूजेच्या वेळी कुंकवात हात भिजवून यंत्राच्या कुशीवर पंजा उठवावा, आणि मग ते यंत्र त्याच्याच नावाने ओळखावे. यंत्र चांगले निघाले तर नावाची वाहवा, आणि वाईट निघाले तर तीनशे माणूस रोज उठून त्याच नावाने शिव्या घाली. रायगोंडांच्या नावाचे एक यंत्र आधीच होते आणि माणसे सहज म्हणत, "आज रायगोंडा लई कुरकुरतोय, जरा तेल पाजा त्येला." ते यंत्र कोणते, ते पुढे सांगतो. रायगोंडा हात जोडून म्हणाले, "मालक, माझी नजर आता पैल्यागत न्हाई. दुसऱ्या कुणास तरी सांगावं." आप्पासाहेब हसले आणि म्हणाले, "तुमची नजर गेली असंल, कान हाईत की." आणि युवराज म्हणाले, "आणि चालवायला पद्मावती. दोन टरेटांचं शिक्षण तिच्याशिवाय कुणी घेतलेलं नाही." हे नाव निघताच रायगोंडांनी पाण्याचा पेला उचलला तो पाणी न पिताच खाली ठेविला.

पद्मावती कोण, तर बाळगोंडा चौगुले यांची कन्या, वय चोवीस. आणि बाळगोंडा कोण, हे सांगताना लेखणी जड होते, तथापि सांगणे प्राप्त आहे. शके १९३५, विजय नाम संवत्सरी, राज्यात एक वापरलेला परदेशी लेथ आणिला, निवड रायगोंडांची, पंजा रायगोंडांचा. विकणाऱ्याने तेव्हा बजाविले होते जे, याचा चक तेलाच्या दाबाने मूठ आवळतो. वीज गेली तर पंप थांबेल, दाब उतरेल, मूठ सैल पडेल, परंतु यंत्र तर आपल्या वेगाने फिरतच राहील. याकरिता दाब धरून ठेवणारी एक झडप तेलाच्या नळीवर बसवावी, ती महिन्याभरात येईल. रायगोंडा म्हणाले, "तवर चालवू." चौदावे दिवशी दुपारी अडीच वाजता वीज गेली, मूठ सुटली, आणि फिरता नग दाराची काच फोडून बाहेर आला तो बाळगोंडांच्या छातीत बसला. दवाखान्याची गाडी नदीचा पूल ओलांडते न ओलांडते तोच त्यांनी प्राण सोडिला. इकडे माणसांनी रक्त धुताना काचही झाडून नेली, आणि रायगोंडांनी दिवस मावळण्याच्या आत नवी काच बसविली. दुसरे दिवशी पंच चौकशीस आले आणि पुसो लागले, "यंत्राचं दार बंद होतं की उघडं?" दार बंद होते. परंतु तसे म्हणावे तर बंद दारातून नग बाहेर कैसा आला, झडप का नव्हती, चालवा म्हणून कोणी सांगितले, हे सारे प्रश्न रांगेने उभे राहणार. आणि रायगोंडांच्या तोंडून निघाले, "उघडं असावं." पंचांनी लिहून घेतले जे, मयताच्या स्वतःच्या गाफीलपणाने मृत्यू. झडप आली ती रायगोंडांनी सुटीच्या दिवशी एकट्याने बसविली. यंत्र आजही चालते आणि त्याचेच नाव रायगोंडा.

आप्पासाहेबांनी दया म्हणून त्या मुलीस आयटीआयत शिकविले, आणि शिकून ती याच राज्यात चाकरीस आली. दुसरीकडून बोलावणे असता आली, हे विशेष. रोज सकाळी यंत्रशाळेत शिरताना ती म्हणे, "जय जिनेंद्र, काका," आणि रायगोंडा तिच्या पायांतल्या जाड बुटांकडे पाहात उत्तर देत. तोंडाकडे त्यांनी कधी पाहिले नाही. तिचे डोळे बापाचे आहेत ऐसे लोक म्हणत, ते त्यांनी लोकांच्याच शब्दावर मानिले होते.

श्रावणात दोन सावकारांचे दोन वकील यंत्रे विकावयास आले. थोरले वकील गोरेगोमटे, गळ्यात टायचा पट्टा, मुखी मध. त्यांजवळ यंत्र तयार होते, पूर्वसमुद्रापलीकडून आलेले, वेग ऐसा की एक नग पावणेदोन पळांत, पाऊण मिनिटही नाही. खंडेनवमीस दारात उभे करतो म्हणाले. धाकटे वकील काळेसावळे, बोलणे तुटक. यंत्र दक्षिणेत बांधू, वेग थोडा कमी, आणि पौष उजाडल्याशिवाय देणार नाही म्हणाले. दरबारात थोरल्याची सरशी जाहली. रायगोंडांनी पुसावयाचे ते सारे पुसिले. खालचा टरेट दोन्ही स्पिंडलांपर्यंत पोचतो की एकापर्यंतच? दोन टरेट एकाच वेळी पुढे आले तर एकमेकांस धडकू नयेत म्हणून कोणी कोणासाठी थांबावे हे यंत्रास कैसे समजते? कातलेल्या लोखंडाचा कीस दोन्ही चकांखालून बाहेर पडतो की साचून राहतो? वकिलाने सगळ्याची उत्तरे दिली आणि युवराज माना डोलवीत राहिले. एक प्रश्न मात्र रायगोंडांनी पुसिला नाही. वीज गेली म्हणजे मूठ धरून राहते की सोडते? हे पुसावे तर कोणीही म्हणेल, कारभारी, हे तुम्हांस आज कैसे सुचले, आणि अकरा वर्षांपूर्वी का सुचले नव्हते? समोर पद्मावती वही उघडून प्रत्येक उत्तर लिहीत होती. रायगोंडांच्या सदऱ्याची पाठ ओली जाहली.

भाद्रपद शुद्ध दशमीस यंत्र डोळ्यांनी पाहावे म्हणून स्वारी निघाली. युवराज, रायगोंडा, पद्मावती, ऐसे तिघे जण एका मोटारीत बसून महानगराच्या वेशीबाहेर थोरल्या वकिलाच्या तळावर मध्यान्ही पोचले. तळ म्हणजे काचेचा महाल, आत थंडगार, जमिनीवर तेलाचा एक डाग नाही. यंत्र मध्यभागी, पांढरे शुभ्र, घराच्या ओसरीएवढे लांब. वकिलाच्या माणसाने कळ दाबली आणि दोन्ही स्पिंडल घुमो लागले, वरचा टरेट उतरला, खालचा चढला, पांढऱ्या तेलाचे फवारे सुटले, आणि आपलाच नळा, आपल्याच राज्यातून नेलेला, पहिल्या मुठीतून दुसऱ्या मुठीत फिरता फिरता गेला, जैसे जोगते फेर धरताना हात बदलतात. युवराजांनी टाळी वाजविली. पद्मावती दाराच्या काचेस जवळजवळ नाक लावून पाहात होती, आणि तिची छाती बरोबर चकाच्या उंचीस आली होती. ते रायगोंडांनी पाहिले, आणि तेथे उभे राहवेना म्हणून यंत्राची पाठ पाहण्याच्या निमित्ताने मागे गेले.

मागे तेलाच्या नळ्या होत्या. कोणती नळी कोठे जाते ते रायगोंडांस अंधारातही कळे. त्यांनी चकाकडे जाणाऱ्या नळीवर बोट ठेविले आणि फिरवीत नेले, आणि जेथे झडप असावी तेथे सरळ सांधा लागला. दुसऱ्या चकाची नळी पाहिली, तेथेही सांधाच. त्यांनी वकिलाच्या माणसास हाक मारून हळूच विचारिले, "हितं झडप कशी न्हाई?" तो म्हणाला, "काका, हे यंत्र ज्या देशासाठी बांधलं तिथं वीज जातच नाही, म्हणून ते मागवत नाहीत. त्यांचा सौदा फिसकटला म्हणून तर तयार मिळतंय." रायगोंडा म्हणाले, "मग बसवून द्या की." तो म्हणाला, "त्याला मागची सगळी बाजू उघडावी लागते, तिकडची माणसं यावी लागतात. पौष येईल." आणि क्षणभर थांबून त्याने स्वतःच सुचविले, "तोवर चालवा ना." हे शब्द कानी पडताच रायगोंडांनी यंत्राचाच आधार घेतला. आपल्यापैकी आजूबाजूस कोणी नव्हते. गप्प राहिले असते तर कोणास कळणार नव्हते. यंत्र वेळेवर येणार, पातशहा खूष होणार, निम्म्या चुली राहणार, आणि वीज कदाचित पद्मावतीच्या पाळीत जाणारही नव्हती. हे सारे त्यांच्या मनात आले, आणि गप्प राहावे ऐसेही मनात आले, ते येथे लपवीत नाही.

मग ते पुढे आले आणि म्हणाले, "पद्मा, बाजूला सर." ती म्हणाली, "का हो काका?" त्यांनी उत्तर न देता यंत्राच्या कुशीवरच्या विजेच्या मोठ्या खटक्याकडे बोट केले आणि वकिलास म्हणाले, "नग दुसऱ्या चकात गेला की ह्यो खटका पाडायचा. मला बघायचंय काय हुतंय." वकिलाचा मध आटला. तो म्हणाला, "असं कुणी करत नाही, साहेब. नुकसान होईल." युवराज ओशाळून म्हणाले, "रायगोंडाकाका, काहीतरीच काय. उगाच भीती घालताय सगळ्यांना. आजवर आपल्याकडे कधी असं झालंय का?" आणि येथे गोष्ट फिरली. बोललो तर आपले उरले आयुष्य आजच बुडाले हे रायगोंडांस पक्के कळत होते. ते म्हणाले, "झालंय." युवराज म्हणाले, "कधी?" रायगोंडांनी प्रथमच पद्मावतीच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाले, "हिचा बा गेला तवा. वीज गेली, मूठ सुटली. झडप न्हवती. मीच चालवा म्हनलो हुतो. दार उघडं न्हवतं. बंद हुतं. मी पंचांस्नी खोटं सांगितलं." महालात इतके थंड असता त्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. पद्मावती दोन पावले मागे सरली, आणि तिच्याबरोबर वकिलाची माणसेही एकेक करून काचेपासून दूर जाऊन खांबाआड उभी राहिली. त्यांस कोणी सरा म्हणून सांगितले नव्हते.

रायगोंडांनी नग दुसऱ्या मुठीत जाऊ दिला आणि खटका खाली ओढिला. पंपाचा आवाज तुटला. स्पिंडल फिरतच होता, घूं घूं करीत, वेग उतरत नाही तोच दाब उतरला; एक खरखर जाहली आणि मग ऐसा दणका बसला की महालाच्या काचा थरथरल्या. नळा दारावर आदळून आतच पडला. दाराची काच जाड होती म्हणून फुटली नाही, परंतु आरपार तडकली, आणि दार रुळावरून उतरून एका अंगास लोंबो लागले. मग युवराज घोगऱ्या आवाजाने म्हणाले, "काच टिकली पण. झडप मागनं बसवू, तोवर..." पद्मावती जवळ गेली, तिने तडकेवर बोट ठेविले, आणि ते बोट तसेच आडवे आपल्या छातीपर्यंत आणून उंची मोजिली. परतीच्या वाटेवर रायगोंडा एकदा गाडी थांबवून रस्त्याकडेला ओकले.

दुसरे दिवशी सकाळी आप्पासाहेबांसमोर रायगोंडांनी सारे पुन्हा सांगितले, काच कोणी बसविली तेही सांगितले, आणि यंत्रशाळेच्या किल्ल्या मेजावर ठेविल्या. आप्पासाहेबांनी चष्मा काढिला आणि पुसू लागले, आणि इतका वेळ पुसला की बाहेर चहाची घंटा होऊन गेली. मग म्हणाले, "अकरा वर्सं त्या पोरीच्या आईनं नवऱ्याच्या चुकीचं ओझं वाह्यलं. रायगोंडा, मी तुमास्नी काय सांगू? हिला इचारा." पद्मावती दाराशी उभी होती. तिचा आवाज चढला नाही, हेच अधिक भयंकर वाटले. ती म्हणाली, "दार बंद हुतं, हे मला ठाऊक हुतं काका. आण्णांचे कपडे घरी आले तवा आईनं सदऱ्याच्या कॉलरमधनं काचंचे कण येचले. दार उघडं असतं तर काच कुठनं आली? आणि तुमच्या नावाच्या त्या यंत्राच्या मूळ चित्रात झडप न्हाई. मी हितं लागल्या लागल्या बघितलं. झडपंचे बोल्ट बाकीच्या बोल्टांपेक्षा नवे हाईत." रायगोंडांनी विचारिले, "मग बोलली का न्हाईस?" ती म्हणाली, "तुमी बोलायची वाट बघत हुते. दुसरी नोकरी सोडून हितं त्याच्यासाठीच आले. रोज सकाळी म्हणायची, आज बोलतील." हे ऐकून रायगोंडा मटकन खाली बसले. तीन वर्षे ती रोज नमस्कार करी तो कशाचा होता, हे त्यांस त्या वेळी उमगले, आणि सारी शाळा ज्याच्या आवाजास भिई तो मनुष्य हुंदके देऊन रडला.

पद्मावतीने तीन गोष्टी मागितल्या. पंचांकडे जाऊन बाळगोंडांच्या नावावरचा गाफीलपणा पुसून आणावा, आणि जे घडले ते राज्याच्या दप्तरी सविस्तर लिहून ठेवावे. यंत्र धाकट्या वकिलाचे घ्यावे, दोन्ही मुठींस झडप बसवून, मग उशीर लागो. आणि तिसरी गोष्ट सांगताना ती थांबली, पाणी मागून प्यायली आणि म्हणाली, "यंत्र आलं की पैल्या दिवशी खटका पाडायचा. आणि तवा काका काचेसमोर उभे राहतील. आण्णा जिथं हुते तिथं." युवराज म्हणाले, "हे फार होतंय." रायगोंडा खाली बसल्या जागेवरूनच म्हणाले, "न्हाई. बरोबर हाय." आप्पासाहेबांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या आणि किल्ल्या त्या दिवसापर्यंत रायगोंडांकडेच ठेविल्या. पातशहांस अर्ज गेला. त्यांनी निम्मे काम शेजारच्या राज्यास दिले आणि निम्मे माघापर्यंत थांबविले. त्या वर्षी चाळीस माणसांस घरी बसावे लागले. ती माणसे वाटेत भेटली म्हणजे रायगोंडांकडे पाठ करीत, आणि रायगोंडा ती पाठ बघून रस्ता बदलीत.

पौष वद्य एकादशीस यंत्र आले, माघ शुद्ध पंचमीस उभे राहिले. तोवरचे पाच महिने रायगोंडांनी कैसे काढिले ते त्यांच्या कुटुंबासच ठाऊक. त्या सांगत की अन्न तोंडाशी नेऊन परत ठेवीत, आणि झोपेत छातीवर दोन्ही हात आडवे धरीत. झडपा खऱ्या की नाही ते त्यांनी आपल्या हाताने सात वेळा तपासिले. तरीही भय गेले नाही, कारण भयास तपासणी कळत नाही. त्या पंचमीस दुपारी अडीच वाजता सारी यंत्रशाळा बंद करून माणसे भिंतीशी उभी केली. पद्मावतीने नग चढविला, दोन्ही स्पिंडल घुमले, वरचा टरेट उतरला, खालचा चढला. रायगोंडा काचेसमोर जाऊन उभे राहिले. एका हाताने त्यांनी दाराची मूठ धरिली, डोळे मिटिले, आणि ओठांत णमोकार मंत्र पुटपुटो लागले. पद्मावतीचा हात खटक्यावर होता. तिने त्यांच्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग खटक्यावरचा हात काढला, चालत आली आणि त्यांच्या शेजारी, काचेसमोर, खांद्यास खांदा लावून उभी राहिली, आणि खटक्याजवळच्या युवराजांस म्हणाली, "पाडा." रायगोंडांनी डोळे उघडून पाहिले तो ती शेजारी. ते ओरडले, "तू न्हाई, तू न्हाई," आणि तिला ढकलू लागले, परंतु खटका पडला होता. पंप थांबला. यंत्राचे दिवे गेले. स्पिंडल घूं घूं करीत फिरत राहिला, हळू जाहला, आणखी हळू जाहला आणि थांबला. दोन्ही मुठींनी नळा घट्ट धरून ठेविला होता, आणि त्यावरून पांढरे तेल टप टप गळत होते. पद्मावती म्हणाली, "काका, धरलंय." रायगोंडांनी दाराची मूठ सोडली नाही. तिने त्यांची बोटे एकेक करून उलगडिली.

तात्पर्य हे. यंत्र दक्षिणेचे निवडिले. रोज साडेआठशे नग देते आणि केसाचा दहावा हिस्सा राखते. पुढल्या खंडेनवमीची वाट न पाहता त्यावर पंजा पद्मावतीचा उठला, कारण रायगोंडांनी आपला उठविण्यास नकार दिला. बाळगोंडा चौगुले यांचा दोष नव्हता, हे पंचांनी लिहून दिले. रायगोंडा घरी बसले आहेत, प्रकृती बरी आहे; गावात वीज गेली म्हणजे हातातला घास ताटात ठेवितात आणि दिवे येईतो कोणाशी बोलत नाहीत. खरे ते लिहिले, आणि लेखणी धुऊन ठेविली.